वेताळ नेमका कोणाचा? जुन्या साहसी कॉमिक्सच्या मालकीची सोपी उकल

१ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेत टिनटिन हा बेल्जियन कॉमिक्समधला तरुण बातमीदार आणि पॉपाय हा खलाशी यांच्यावरचा कॉपीराइट संपल्याची बातमी आली. तेव्हापासून जुनी कॉमिक्स जपून ठेवणाऱ्या मंडळींत दोन प्रश्न हमखास निघतात. आता टिनटिन कोणीही छापू शकतं का? आणि ज्याच्यावर आपल्याकडच्या दोन पिढ्या वाढल्या, तो इंद्रजाल कॉमिक्समधला मुखवटेधारी वेताळ, म्हणजे मूळचा ‘फँटम’, कधी मोकळा होणार?

दोन्ही प्रश्नांची उत्तरं आहेत. पण ती नीट समजायची तर आधी एक गोष्ट कळायला हवी. जुन्या साहसकथांच्या आणि काउबॉयच्या कॉमिक्समध्ये चित्र काढणारा एक असे आणि त्या चित्राचा मालक बहुतेक वेळा दुसराच असे. नायकाचा चेहरा का बदलला, एखादी मालिका भरात असताना मूळ चित्रकार का सोडून गेला, मुखपृष्ठावर चित्रकाराचं नाव का नाही, या सगळ्याची मुळं या एका व्यवहारात आहेत. हे चित्रकार मला फार मोठे वाटतात, म्हणून हा हिशेब त्यांच्या नावांसकट मांडतो.

आधी वर्तमानपत्रातली पट्टी

कॉमिक्सची सुटी पुस्तकं नंतर आली. साहसकथा सुरू झाली ती वर्तमानपत्रात, रोज छापल्या जाणाऱ्या तीन-चार चौकटींच्या पट्टीतून. ७ जानेवारी १९२९ रोजी अमेरिकेत ‘टारझन’ आणि ‘बक रॉजर्स’ या दोन पट्ट्या एकाच दिवशी सुरू झाल्या. त्याआधीच्या पट्ट्या मुख्यतः विनोदी असत. टारझन काढणारा हॅल फॉस्टर जाहिरातींसाठी चित्रं काढणारा कसलेला माणूस होता. माणसाचं शरीर, झाड, प्राणी हे सगळं त्याने खऱ्यासारखं काढलं आणि साहसकथेचं चित्र कसं असावं याचा पायाच घातला. पुढे १९३७ मध्ये त्याने ‘प्रिन्स व्हॅलियंट’ सुरू केलं.

या पट्ट्या एकेका वर्तमानपत्राच्या कचेरीत तयार होत नसत. सिंडिकेट नावाची कंपनी चित्रकार आणि लेखक नेमायची, पट्टी तयार करून घ्यायची आणि तीच पट्टी शेकडो वर्तमानपत्रांना भाड्याने द्यायची. किंग फीचर्स हे त्यांतलं सगळ्यात ओळखीचं नाव. वेताळ, मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी ही सगळी त्याच घरची पात्रं.

साचा कारखान्याचा, हात कारागिराचा

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा एखादा कारागीर असा असतो की गिऱ्हाईक त्याच्या आखणीसाठी मूर्ती नेतं. पण साचा कारखानदाराचा असतो. तो कारागीर काम सोडून गेला की साचा त्याच्याबरोबर जात नाही. पुढच्या वर्षी त्याच साच्यातून मूर्ती निघतात, आखणी दुसरा कोणी करतो, आणि विक्री कारखान्याच्याच नावावर होते.

सिंडिकेटचा करार असाच होता. पात्राचं नाव, चेहरा, गोष्टी, सगळं कंपनीचं. अमेरिकी कायद्यात अशा कामाला ‘वर्क फॉर हायर’ म्हणतात, म्हणजे मोबदला देऊन करून घेतलेलं काम. त्यात कायद्याच्या नजरेत लेखक किंवा कलावंत हा काम करून घेणाराच ठरतो. ज्याच्या बोटांना शाई लागली त्याचा पुढच्या व्यवहाराशी संबंध राहत नाही. पात्रावरून खेळणी निघोत, सिनेमा निघो, परदेशात आवृत्त्या निघोत, त्याला विचारायचं बंधन नाही.

नोएल सिकल्सचं उदाहरण घ्या. ‘स्कॉर्ची स्मिथ’ ही वैमानिकाची साहसपट्टी मूळ जॉन टेरी काढायचा. तो आजारी पडला तेव्हा १९३३ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने ती सिकल्सकडे दिली. सुरुवातीला सिकल्सने टेरीच्याच शैलीत, टेरीच्याच नावाने काम केलं. हळूहळू त्याने स्वतःची पद्धत आणली. बारीक रेघांऐवजी कुंचल्याचे जाड काळे फटकारे, अर्धा चेहरा उजेडात तर अर्धा पूर्ण काळोखात. पट्टी गाजली. सिकल्सने मानधन वाढवून मागितलं, ते मिळालं नाही, आणि १९३६ मध्ये तो बाहेर पडला. त्यानंतर तो मासिकांसाठी चित्रं काढत राहिला. पण त्याने शोधलेली पद्धत त्याच्या मित्राच्या हातून सगळ्या जगात गेली.

मिल्टन कॅनिफने काय केलं

तो मित्र म्हणजे मिल्टन कॅनिफ. दोघं न्यूयॉर्कमध्ये एकाच स्टुडिओत बसत, एकमेकांच्या पट्ट्यांना हात लावत. १९३४ च्या ऑक्टोबरमध्ये कॅनिफने ‘टेरी अँड द पायरेट्स’ सुरू केलं. चीनच्या किनाऱ्यावर घडणारी, चाचे आणि लढाया यांनी भरलेली कथा. कॅनिफने चीन कधी पाहिलाच नव्हता. तो वाचनालयात बसून फोटो आणि पुस्तकं चाळायचा आणि त्यावरून गलबतं, गल्ल्या, गणवेश उभे करायचा.

या पट्टीतली एखादी चौकट जवळून पाहा. रात्रीची वेळ, बंदरावर उभा माणूस. कोटाच्या चुण्या रेघांनी काढलेल्या नाहीत. कोट हा एक काळा डाग आहे आणि चुणी जिथे उजेड पकडते तिथे कागद तेवढा कोरा सोडला आहे. चेहऱ्याची एकच कड उजळ. पाण्यावरची सावली म्हणजे कुंचल्याचे आडवे तीन-चार फटकारे. यात सौंदर्य तर आहेच, पण कामाची सोयही आहे. वर्तमानपत्राचा कागद हलका, शाई पसरणारी. बारीक रेघ छपाईत तुटते किंवा फुटते, जाड काळा डाग टिकतो. शिवाय आठवड्याला सहा पट्ट्या आणि रविवारचं मोठं पान द्यायचं, म्हणजे हातही चपळ हवा. पुढच्या कितीतरी वेस्टर्न आणि युद्धाच्या कॉमिक्सनी ही रात्र कॅनिफकडून घेतली. इटलीचा ह्यूगो प्रॅट, ज्याने १९६७ मध्ये ‘कोर्तो माल्तेझे’ हा भटका दर्यावर्दी उभा केला, तो तर कॅनिफला उघडपणे गुरू मानायचा.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॅनिफ अमेरिकेतल्या सगळ्यात लोकप्रिय चित्रकारांपैकी एक होता. पैसाही भरपूर मिळत होता. तरी ‘टेरी’ ही पट्टी त्याची नव्हती, सिंडिकेटची होती. मार्शल फील्ड या प्रकाशकाने त्याला नव्या पट्टीची पूर्ण मालकी देऊ केली आणि कॅनिफने होकार दिला. जुन्या कराराची मुदत १९४६ अखेरपर्यंत होती, ती त्याने शेवटच्या पानापर्यंत नेटाने पाळली. टेरीचं त्याचं शेवटचं पान २९ डिसेंबर १९४६ चं. १३ जानेवारी १९४७ रोजी ‘स्टीव्ह कॅन्यन’ सुरू झालं. त्याची एकही चौकट न बघता शंभराहून अधिक वर्तमानपत्रांनी ती आधीच घेऊन ठेवली होती.

आणि टेरी? टेरीही चालूच राहिला. सिंडिकेटने जॉर्ज वंडर नावाचा चित्रकार नेमला आणि त्याने १९७३ पर्यंत ती पट्टी काढली. म्हणजे सव्वीस वर्षं एक माणूस दुसऱ्याने घडवलेली पात्रं सांभाळत होता, आणि ज्याने ती घडवली तो शेजारच्या वर्तमानपत्रात नवीन पात्र घेऊन बसला होता. कॅनिफने १९८८ मध्ये मरेपर्यंत स्टीव्ह कॅन्यन काढलं. टेरीची धार कॅन्यनमध्ये मला तितकी दिसत नाही, पण स्वतःच्या जमिनीवर उभं राहण्यासाठी त्याने ऐन बहरातलं काम सोडलं, हे धैर्य मोठंच.

इंद्रजालमधून आपल्याला भेटलेल्या ‘बझ सॉयर’च्या मागेही हेच कारण आहे. रॉय क्रेनने ‘वॉश टब्ज’ ही गाजलेली साहसपट्टी १९४३ मध्ये सोडली ती स्वतःच्या मालकीची पट्टी काढता यावी म्हणूनच.

वेताळाचे बदलते चेहरे

वेताळाची गोष्ट १७ फेब्रुवारी १९३६ रोजी सुरू झाली. लेखक ली फॉक, चित्रकार रे मूर. मूरचा वेताळ सावल्यांमधून येतो, गूढ आणि थोडा भीतिदायक. नंतर विल्सन मॅकॉय आला. त्याची चित्रं साधी, सपाट, जवळजवळ बालबोध. १९६१ मध्ये साय बॅरीकडे काम गेलं आणि वेताळाला ते घडीव शरीर, रेखीव जबडा आणि कसदार जंगल मिळालं, जे आपण ‘खरा वेताळ’ म्हणून ओळखतो. बॅरी १९९४ पर्यंत ते काढत होता. त्याचा भाऊ डॅन बॅरी ‘फ्लॅश गॉर्डन’ काढायचा. म्हणजे इंद्रजालच्या वाचकाने एकाच घरातल्या दोन भावांची चित्रं आलटून पालटून वाचली, आणि बहुतेकांना त्यांची नावंही माहीत नव्हती.

ली फॉक १९९९ मध्ये वारला. तोपर्यंत वेताळ आणि मँड्रेक या दोन्हींचं लेखन तोच करत होता. तरी मालकी किंग फीचर्सचीच.

चित्रकाराचा हक्क कुठवर पोचत नव्हता हे वेताळाच्या कपड्यांवरूनही दिसतं. रोजची पट्टी काळी-पांढरी होती, त्यामुळे पोशाखाचा रंग सुरुवातीला दिसतच नव्हता. अमेरिकेत १९३९ मध्ये रविवारची रंगीत पानं सुरू झाली तेव्हा तो जांभळा ठरला. तोवर इतर देशांतल्या छापणाऱ्यांनी आपापले रंग लावून टाकले होते किंवा पुढे लावले. स्वीडनचा वेताळ निळा, इटलीचा लाल.

इटलीचा टेक्स आणि फ्रान्सचा ब्लूबेरी

काउबॉयच्या सगळ्यात दीर्घायुषी मालिकांपैकी एक अमेरिकेची नाही, इटलीची आहे. ३० सप्टेंबर १९४८ रोजी ‘टेक्स’ची पहिली पुस्तिका निघाली. लेखक जान लुइजी बोनेल्ली, चित्रकार ऑरेलिओ गालेप्पिनी, सही ‘गालेप’. पुस्तिका कसली, एका पानावर एकच पट्टी असलेली, साधारण १७ बाय ८ सेंटीमीटरची आडवी वहीच. युद्ध नुकतंच संपलेलं, कागद महाग, पोरांच्या खिशात चिल्लर. म्हणून हा आकार. गंमत अशी की प्रकाशनसंस्थेचा खरा भरवसा ‘ऑकियो कूपो’ या दुसऱ्या, मोठ्या आकाराच्या मालिकेवर होता. गालेप दिवसा ते काढायचा आणि रात्री उरलेल्या वेळात टेक्स. दिवसाचं काम लवकरच बंद पडलं. रात्रीचं काम आजही दर महिन्याला निघतं.

टेक्स विलर हा गोरा रेंजर नवाहो जमातीचा प्रमुखही आहे. त्याची बायको लिलिथ नवाहो, मुलगा किट अर्धा नवाहो. १९४८ मध्ये, जेव्हा बहुतेक काउबॉय कथांत आदिवासी म्हणजे फक्त गोळ्या झाडायचं लक्ष्य असे, तेव्हा टेक्स जमिनी लुबाडणारे व्यापारी आणि खोटारडे लष्करी अधिकारी यांच्या विरोधात उभा राहिला. या मालिकेच्या आयुष्याचं कारण मला यातच दिसतं.

इथे मालकी बोनेल्ली कुटुंबाच्या प्रकाशनसंस्थेची, म्हणजे लेखकाच्या घरातलीच. चित्रकार तरीही नेमलेला. गालेपने पहिल्या ४०० अंकांची मुखपृष्ठं काढली आणि १९९४ मध्ये तो गेला. त्यानंतर मुखपृष्ठं क्लाउदियो व्हिला या चित्रकाराकडे गेली, आणि आतली पानं काढणारे तर आधीपासूनच कितीतरी झाले होते. पण बोनेल्लींनी एक गोष्ट फार चांगली केली. १९८८ पासून वर्षाला एक मोठ्या आकाराचा टेक्स निघू लागला आणि तो एकेका नामवंत पाहुण्या चित्रकाराला दिला जाऊ लागला, त्याच्या नावानिशी. अमेरिकेच्या जो क्यूबर्टने एक काढला. इटलीचा माग्नुस तर आपल्या अंकावर सुमारे सात वर्षं बसला होता. झाडाचं पान न् पान, दगडाची भेग न् भेग त्याने काढली. १९९६ मध्ये तो वारला आणि त्याच वर्षी तो अंक बाहेर आला. त्या अंकात मालकी कंपनीची असली तरी प्रत्येक पान माग्नुसचं आहे, आणि वाचकाला ते ठाऊक असतं.

फ्रान्स-बेल्जियममध्ये वारं आणखी वेगळं. तिथल्या कायद्यात कलावंताचं कलाकृतीशी असलेलं नातं पैशाने पूर्ण तुटत नाही. ‘ब्लूबेरी’ १९६३ मध्ये ‘पिलोत’ साप्ताहिकात सुरू झाला. लेखक जाँ-मिशेल शार्लिये, चित्रकार जाँ झिरो. झिरो हा ‘जेरी स्प्रिंग’ या वेस्टर्न मालिकेचा कर्ता झिझे याच्या हाताखाली शिकलेला. तरुणपणी तो मेक्सिकोत जाऊन राहिला होता, आणि तिथलं वाळवंट त्याच्या डोक्यातून आयुष्यभर गेलं नाही. त्याचा लेफ्टनंट ब्लूबेरी सुरुवातीला फ्रेंच नट जाँ-पोल बेलमोंदोच्या चेहऱ्यावर बेतलेला होता. मग अल्बममागून अल्बम (तिकडे मालिकेच्या एकेका पुस्तकाला अल्बम म्हणतात) त्याची दाढी वाढत गेली, गणवेश फाटत गेला, चेहऱ्यावर वय चढलं. साहसकथेतला नायक म्हातारा होत नाही हा नियम झिरोने मोडला.

सत्तरच्या दशकात मानधनावरून प्रकाशकाशी वाद झाला आणि ब्लूबेरी काही वर्षं थांबला. दुसरा चित्रकार नेमून गाडी पुढे हाकली गेली नाही. झिरोने तो काळ ‘मोबियस’ या दुसऱ्या सहीने विज्ञानकथा काढण्यात घालवला, आणि त्यातून तो जगभर पोचला. शार्लिये १९८९ मध्ये वारला तेव्हा मुख्य मालिका झिरोने स्वतःच लिहिली आणि काढली.

आपल्याकडे हे कसं पोचलं

टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली. त्या उभारणीत अनंत पै होते, ज्यांनी पुढे अमर चित्रकथा काढली. पहिला अंक वेताळाचाच. मराठीसह अनेक भारतीय भाषांत हे अंक निघत आणि १९९० पर्यंत निघाले.

मूळ वस्तू वर्तमानपत्रातली आडवी पट्टी, आणि इथे हवं उभं पान. म्हणून चौकटी सुट्या करून पानावर नव्याने मांडाव्या लागत. एखादी चौकट जास्त रुंद असली तर कडेने कापायची, अरुंद असली तर बाजूला थोडं आकाश किंवा झाडी वाढवायची. काळ्या-पांढऱ्या चित्रात रंग भरायचे, फुग्यातला मजकूर भाषांतरित करून पुन्हा लिहायचा. हे सगळं करणारे हात भारतीय होते. सुरुवातीची देखणी मुखपृष्ठं गोविंद ब्राह्मणिया यांनी रंगवली. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी ‘बहादूर’ निर्माण केला, तोही गोविंद यांनीच काढला. चंबळच्या दऱ्या, घोडे, दरोडेखोर, आणि दरोडेखोराचा मुलगा असून गावाच्या संरक्षणाला उभा राहिलेला नायक. आपल्या मातीतली वेस्टर्न कॉमिक्स म्हणून मी बहादूरचंच नाव घेईन.

तिकडे तामिळनाडूत शिवकाशीला मुत्तू कॉमिक्स १९७२ मध्ये आणि लायन कॉमिक्स १९८४ मध्ये सुरू झाली. तिथे टेक्स विलर आजही तामिळ बोलतो आणि ब्लूबेरी ‘कॅप्टन टायगर’ या नावाने ओळखला जातो. रीतसर हक्क घेऊन एका भारतीय भाषेत युरोपची वेस्टर्न कॉमिक्स इतकी वर्षं चालू शकतात, हे मराठी प्रकाशकांनी जरूर पाहावं.

मग ‘मोकळं झालं’ म्हणजे काय?

पब्लिक डोमेन म्हणजे कॉपीराइटची मुदत संपून कलाकृती सगळ्यांची होणं. अमेरिकेत जुन्या प्रकाशित कामांसाठी ही मुदत प्रकाशनापासून ९५ वर्षं आहे आणि ती वर्षाच्या शेवटी संपते. टिनटिनची पहिली पट्टी १९२९ ची, म्हणून १ जानेवारी २०२५. याच हिशेबाने मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन आणि टेरी १९३४ चे, म्हणून २०३०. वेताळ १९३६ चा, म्हणून २०३२. त्या काळी २८ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागे, ते झालेलं असलं तर या तारखा लागू. अनेक छोट्या प्रकाशकांनी ते केलंच नाही. त्यामुळे १९४० आणि ५० च्या दशकातली त्यांची बरीच काउबॉय कॉमिक्स केव्हाच मोकळी झाली आहेत आणि डिजिटल कॉमिक म्युझियमसारख्या संकेतस्थळांवर उघड वाचता येतात.

पण मोकळं होतं ते पात्र एकदम सगळं नव्हे. जेवढं त्या वर्षी छापलं गेलं तेवढंच. २०२५ मध्ये मोकळा झाला तो सोव्हिएत देशात गेलेला १९२९ चा काळा-पांढरा टिनटिन. टिनटिनचा दर्यावर्दी मित्र कॅप्टन हॅडॉक १९४१ मध्ये आला, त्याला २०३७ उजाडेल. तसंच २०३२ मध्ये मिळेल तो रे मूरचा १९३६ चा, रंग नसलेला वेताळ. त्याच्या पोशाखाचा जांभळा रंग १९३९ चा, म्हणजे २०३५. साय बॅरीच्या १९६१ च्या पट्ट्यांना २०५७ लागेल. वेताळ आणि डायनाचं लग्न १९७७ मध्ये लागलं, त्या पट्ट्या २०७३ मध्ये.

‘म्हणजे मराठी टिनटिन आजच काढता येईल?’

भारतात नाही. वर सांगितलेला सगळा हिशेब अमेरिकेचा. प्रत्येक देशाचा कायदा आपापल्या हद्दीत चालतो. आपल्याकडे मुदत कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. टिनटिनचा कर्ता एर्जे १९८३ मध्ये वारला, म्हणजे भारतात २०४३ च्या अखेरपर्यंत हक्क शाबूत. युरोपात मृत्यूनंतर ७० वर्षं, म्हणून तिथे २०५३ अखेर. झिरो २०१२ मध्ये गेला, तर ब्लूबेरी युरोपात २०८३ च्या आधी सुटत नाही.

शिवाय ट्रेडमार्क वेगळा. कॉपीराइट कलाकृतीला असतो, ट्रेडमार्क व्यापारातल्या नावाला आणि खुणेला. ट्रेडमार्क वापरात ठेवला आणि वेळोवेळी नूतनीकरण केलं तर कधीच संपत नाही. त्यामुळे १९३६ ची गोष्ट छापायला मोकळीक मिळाली तरी वेताळाची कवटी छापलेली अंगठी त्याच्या नावाने विकायला घेतली तर अडचण येऊ शकते.

आणि मूळ चित्राचा कागद विकत घेतला म्हणून छापण्याचा हक्क मिळत नाही. ‘ब्लू लोटस’ या टिनटिन अल्बमच्या मुखपृष्ठासाठी एर्जेने काढलेलं एक चित्र २०२१ मध्ये पॅरिसच्या लिलावात ३० लाख युरोहून अधिक किमतीला गेलं. घेणाऱ्याला भिंतीवर लावता येईल. त्याची पोस्टर काढून विकता येणार नाहीत.

‘माझ्याकडच्या इंद्रजालचे स्कॅन वाटले तर?’

हा प्रश्न प्रेमापोटी विचारला जातो हे मला पूर्ण समजतं. कागद पिवळा पडतोय, पिना गंजतायत, आणि नव्याने कोणी छापत नाही. अंक तुमचा आहे. तो वाचायला द्या, विका, वाचनालयाला भेट द्या, कोणी अडवणार नाही. पण स्कॅन करून सर्वांना वाटणं हे कायद्याने पुनःप्रकाशनच होतं. त्यात इंद्रजालच्या मराठी अंकात हक्कांचे थर आहेत. गोष्ट आणि चित्रं किंग फीचर्सची, मराठी भाषांतर हे स्वतंत्र काम, आणि मुखपृष्ठ इथे रंगवलेलं तिसरंच. उद्या अमेरिकेत पहिला थर निघाला तरी बाकीचे दोन आपोआप निघत नाहीत. खरा मार्ग कोणी प्रकाशकाने हे हक्क एकत्र करून जुन्या मराठी अंकांची आवृत्ती काढण्याचाच आहे, आणि ती निघावी असं मला मनापासून वाटतं.

‘पैसे घेतले होते ना? मग तक्रार कसली?’

या आक्षेपात तथ्य आहे. सिंडिकेट जोखीम घेत असे, विक्रेते नेमत असे, शेकडो वर्तमानपत्रांशी व्यवहार करत असे. कितीतरी पट्ट्या वर्षभरात बंद पडत, तो तोटा त्यांचाच. मँड्रेक आणि वेताळ यांना सिंडिकेट मिळालं नसतं तर ते आपल्यापर्यंत आलेच नसते.

पण सौदा होतो तेव्हा त्या पात्राची किंमत कोणालाच माहीत नसते. १९३८ मध्ये जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरना दिले. पुढची कमाई एका बाजूलाच साचत गेली. आणि नाव न छापण्याला तर कोणतंही व्यापारी कारण पुरत नाही. डेल या प्रकाशनाची रॉय रॉजर्स, लोन रेंजर, टारझन ही कॉमिक्स अमेरिकेत तुफान खपली. त्यांतला टारझन वर्षानुवर्षं जेसी मार्श काढत होता, पण अंकावर चित्रकाराचं नाव सहसा नसेच. वाचक शैलीवरून माणूस ओळखायला शिकले. दुसऱ्याने मालिका पुढे चालवण्यात मला काही गैर वाटत नाही, साय बॅरीने तर वेताळाला उजळवलं. ज्याने काढलं त्याचं नाव पानावर असावं, एवढीच मागणी आहे.

आज चित्र काढणाऱ्यांसाठी

मराठीत चित्रकथा काढणारी तरुण मुलंमुली आज बरीच आहेत आणि त्यांच्यासमोर करार येतात. भारतीय कायद्यातल्या तीन गोष्टी त्यांनी जरूर लक्षात ठेवाव्यात. वर्तमानपत्रात किंवा मासिकात नोकरीला असताना केलेल्या कामावर मालकाचा पहिला हक्क असतो, तो तशा नियतकालिकांतल्या प्रकाशनापुरता. वेगळा करार नसेल तर बाकीचे हक्क काढणाऱ्याकडे राहतात, म्हणून ‘सर्व हक्क’ असं लिहिलेली ओळ वाचल्याशिवाय सही करू नये. हक्क लेखी दिले पण किती वर्षांसाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नाही, तर ते पाच वर्षांसाठी आणि भारतापुरतेच धरले जातात. आणि हक्क पूर्ण विकून टाकल्यावरही ‘हे मी काढलं आहे’ असं सांगण्याचा अधिकार कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ खाली कलावंताकडेच राहतो.